कागदाचा वानवळा

आषाढात दुपारी चारलाच अंधारून येतं. दिवा लावावा की थांबावं अशा त्या उजेडात मी जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरते, वाटीत खळ काढून घेते, कात्री पुसून ठेवते आणि मग डबा उघडते. डबा बिस्किटांचा, पत्र्याचा, झाकणावरच्या गुलाबांचा रंग जागोजाग उडालेला. झाकण घट्ट आहे. चारी बाजूंनी नखानं उचलत न्यावं लागतं, मग ते एकाएकी सुटतं आणि आत कोंडलेली वर्षं वास होऊन बाहेर येतात: जुन्या कागदाचा गोडसर, किंचित आंबूस वास, त्यात उदबत्तीच्या पुड्याचा मोगरा, त्यात एका लग्नपत्रिकेच्या कोपऱ्याला लावलेल्या आणि अजून न उडालेल्या हळदकुंकवाची कोरडी ऊब, आणि सगळ्यांच्या तळाशी, ओळखू येईल न येईल इतकी, शाई.

मग मी बोटं आत घालते.

कागद डोळे मिटूनही ओळखता येतो. पतंगाचा कागद कुजबुजतो. घोटीव कागद बोटाखालून निसटतो. जिलेटीन कागद हात लागायच्या आधीच चुरचुरतो, आणि हातकागद खरखरीत असूनही मवाळ, तव्यावरून नुकत्याच उतरवलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखा. आकाशकंदील करून उरलेला जांभळा तुकडा आहे, जो डोळ्यांसमोर धरला की भर दुपारी कातरवेळ होते. गणपतीच्या मखराची उरलेली सोनेरी पट्टी आहे. कालनिर्णयच्या पानातून कापलेला, दुधाचा खाडा मांडलेला एक गुरुवार आहे. एस.टी.चं जुनं तिकीट आहे, कंडक्टरच्या पंचानं भोक पाडलेलं, आणि त्या भोकातून पाहिलं तर पसरणीचा घाट दिसतो असं मला अजूनही वाटतं. अंतर्देशीय पत्राची आकाशी कड आहे. बँकेच्या पाकिटाच्या आतल्या बाजूची निळी नक्षी आहे, जी कुणी पाहावी म्हणून कधी छापलेलीच नव्हती.

यातलं काहीही मी विकत आणलेलं नाही. सगळं उरलेलं आहे. आपल्या भाषेत ‘पुरून उरणं’ म्हणतात ते मला या डब्यापाशी बसलं की आठवतं. कागद ज्या कामासाठी घरात आला त्या कामाला तो पुरला. कंदील पेटला, लग्न लागलं, पत्र पोचलं, गाडी मुक्कामाला लागली. तरी एवढासा उरला.

चतकोर. नितकोर.

माझं चित्र पत्त्याएवढं असतं. अडीच इंच रुंद, साडेतीन इंच उंच. मिलिमीटरमध्ये मोजायचं तर ६४ आणि ८९. एका तळहातात मावतं, मूठ मिटली तर जगाला दिसत नाही. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला ज्याला कातरकाम आणि चिकटकाम म्हणत, तेच हे; फक्त त्या वेळी वहीचं अख्खं पान भरायचं असे आणि मला ते पान नेहमी रिकामं मैदान वाटायचं. या छोट्या चौकटीत मात्र एक लाल कपटा ठेवला की तो सूर्य होतो, तोच खाली सरकवला की खिडकीतला दिवा, आणि अगदी कोपऱ्यात नेला की कुणीतरी नुकतंच निघून गेलेलं अंगण.

हे माप कुठून आलं ते मला पुष्कळ उशिरा कळलं. झ्युरिकमध्ये एम. व्हेंची स्टिर्नेमान या चित्रकारानं १९९७ साली आपल्या पुस्तकांच्या दुकानात या मापाची, हातानं केलेली १२०० कार्डं मांडली. शेवटच्या दिवशी त्यानं येणाऱ्यांना सांगितलं, तुम्हीही करून आणा आणि माझ्याशी बदला. त्याच वर्षी डॉन मेबी नावाच्या चित्रकारानं ही रीत कॅनडातल्या कॅलगरीला नेली. नियम एवढेच: माप पाळायचं, मागच्या बाजूला नाव आणि तारीख लिहायची, आणि विकायचं नाही. द्यायचं आणि घ्यायचं.

वाचलं तेव्हा मला झ्युरिक दिसलं नाही. आईच्या हातातली पितळी वाटी दिसली.

वाईला आमच्या परसात चवळीचा वेल होता. पहिल्या शेंगा आल्या की आई आधी शेजारी चार घरी वानवळा धाडायची. वाटी घेऊन मी जायची. पलीकडच्या काकू शेंगा काढून घेत, वाटी विसळत, आणि मग त्या वाटीशी क्षणभर थांबत. ते थांबणं मला स्पष्ट आठवतं. घरात काय आहे याचा अंदाज घेत त्या फडताळाकडे बघत, आणि काहीच नसलं तरी साखरेची चिमूट, दोन खोबऱ्याचे काप, परसातली चार शेवंतीची फुलं त्या वाटीत ठेवत. रिकामं भांडं परत करायचं नाही. हे कुणी शिकवलं नव्हतं, वाटीच शिकवायची. आमच्या शेंगा त्यांच्या घरी शिजत आणि त्यांची शेवंती आमच्या देवापुढे वाहिली जाई. पुढे पुढे तर कुणाची वाटी कुणाकडे आहे याचा हिशेबच लागत नसे.

माझ्या वडिलांचं, अण्णांचं, बाइंडिंगचं दुकान होतं, कृष्णेच्या घाटापासून चार पावलांवर. शाळेच्या वह्या, दुकानदारांच्या रोजकीर्दी, कुणाच्या घरची पाठ निखळलेली ज्ञानेश्वरी. मागच्या खोलीत कटिंग मशीन होतं. अण्णा वह्यांची थप्पी पात्याखाली सरकवीत, वरचं चाक फिरवून ती घट्ट दाबत, आणि मग दोन्ही हातांनी दांडा ओढत. पातं खाली यायचं तेव्हा नदीवरून एकदम वारा आल्यासारखा एक दबका, दाट आवाज व्हायचा आणि बोटभर रुंदीच्या पट्ट्या झडून खाली पडायच्या. पांढऱ्या पट्ट्या रद्दीच्या पोत्यात जात. रंगीत असल्या तर त्या अण्णांच्या खिशात जात. संध्याकाळी घरी आले की ते पायरीवर बसत, मी फ्रॉकचा ओचा पसरी आणि ते खिसा उलटा करीत. ओटी भरावी तसे ते कागद पडत.

तेव्हापासून माझ्या मनात संध्याकाळ आणि कागद यांची गाठ बसलेली आहे. दिवसाच्या कापडावरून कापून काढलेला तुकडा म्हणजे कातरवेळ, असंच मी लहानपणी समजत असे, आणि आज शब्दकोश काहीही म्हणो, मला ते खरं वाटतं. तिन्हीसांजेला कात्री चालवायची मात्र आईची मनाई होती. रिकामी कात्री तर कधीच वाजवायची नाही; घरात भांडणं होतात. मग मी कपटे नुसते जमिनीवर मांडून बसायची. कापणं नाही, चिकटवणं नाही, नुसतं जवळ ठेवणं. निळ्याजवळ पिवळा ठेवला की निळा जागा होतो. त्याच निळ्याजवळ राखाडी ठेवला की तो नदीसारखा लांब जातो. मला वाटतं मी जे काही शिकले ते त्या अर्ध्या तासात, अंधार पडायच्या आत.

त्या कागदांत सगळ्यांत लाडका अबरीचा. मोठ्या हिशेबाच्या वहीच्या पुठ्ठ्याला आतून लावायचा तो कागद. पाण्यावर रंग तरंगवायचे, काडीनं हलकेच ढवळायचे आणि वरून कागद टेकवून उचलून घ्यायचा. पाण्याची एक घटका कागदावर येऊन थांबते. अब्र म्हणजे फारसीत ढग. आपलं संस्कृत अभ्र तेच. सतराव्या शतकात विजापूरच्या चित्रकारांनी अबरीतून चित्रं काढली, त्यांतला हाडं मोजता येतील असा खंगलेला घोडा आणि त्याच्यावरचा तसाच सुकलेला स्वार मी एका पुस्तकात पाहिला आणि पुस्तक मिटून बसले. ढगांतून एवढी भूक काढता येते हे ठाऊक नव्हतं. माझ्या डब्यात अबरीचा एकच तुकडा आहे, तपकिरी आणि मोरपिशी, सुपारीच्या खांडाएवढा. तो मी कधी वापरणार नाही असं पुष्कळ वर्षं मानत होते.

चिकटवताना मी अजून खळच वापरते. मैदा पाण्यात कालवून मंद आचेवर हलवत राहायचं, गुठळी होऊ द्यायची नाही, आणि चमकदार, अर्धपारदर्शक झाली की उतरवायची. अण्णा तीत चिमूटभर मोरचूद घालीत, कीड लागू नये म्हणून. दुकानातली खळ त्यामुळे किंचित निळसर दिसे. बाजारातला गोंद लगेच धरतो आणि मग विचार बदलू देत नाही. खळ थांबते. कागद ओला होतो, जरा फुगतो, सरकतो, तुम्हाला पुन्हा एकदा विचारतो, इथेच ना? कागदालाही कापडासारखी उभी-आडवी वीण असते. वीण धरून फाडला तर तो सरळ रेघेत फाटतो. आडवा फाडला तर वाट सोडून हवा तिकडे जातो. कात्रीच्या कडेपेक्षा मला ही फाटलेली कड प्रिय आहे. छापील कागद फाडला की एका तुकड्याला पांढरी रेघ राहते, लाटेवर फेस राहावा तशी. कात्रीला ते जमत नाही.

एका लाल कपट्यावरून मला नेहमी मेरी डेलनी आठवते. इंग्लंडातली विधवा बाई, वय ७२, साल १७७२. टेबलावर जिरेनियमचं फूल आणि शेजारी त्याच रंगाचा कागदाचा तुकडा. तिनं तो पाकळीसारखा कापला. तिथून दृष्टी अधू होईपर्यंत, दहा वर्षं, तिनं काळ्या कागदावर बारीक बारीक तुकडे चिकटवून फुलं केली, जवळजवळ एक हजार. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. रंगाऱ्याच्या हातून रंग ओघळून वाया गेलेले कागद ती मुद्दाम घेई, कारण त्या ओघळातच पानाच्या शिरा सापडत. त्या फुलांपुढे मला मोठमोठ्या नामवंतांचं कातरकामही दूरचं वाटतं. बहात्तराव्या वर्षी माणसाला टेबलावर पडलेला तुकडा पाकळी दिसू शकतो. एवढं पुरे आहे.

माझ्या मावसबहिणीचं पहिलं कार्ड आलं तेही आषाढातच. ती कॅलगरीला असते, चाळीस वर्षं झाली. पाकीट भिजलं होतं पण आतलं कार्ड तिनं प्लॅस्टिकमध्ये घातलं होतं. तिकडच्या बसच्या तिकिटाची पट्टी, चहाच्या पिशवीला दोऱ्यानं लटकलेलं असतं ते चिमुकलं लेबल, बर्फाच्या रंगाचा एक करडा कागद, आणि त्या सगळ्याच्या मधोमध, चंद्र असावा तशी, कालनिर्णयवरची संकष्टी. तिच्याही स्वयंपाकघरात ते टांगलेलं असतं. मागे तिचं नाव, तारीख, आणि खाली एक ओळ: वाटी रिकामी पाठवू नकोस.

तिलाही वाटीच आठवली होती.

त्या करड्या कागदाला वास नव्हता. मी पुन्हा पुन्हा हुंगून पाहिलं. थंडीचा वास असाच असणार, असं ठरवून मी तो ठेवून दिला. तिच्या त्या बसच्या तिकिटावरून मला कुर्ट श्विटर्स आठवला, हानोव्हरचा, ज्यानं १९१९ मध्ये एका बँकेच्या जाहिरातीतून ‘कोमेर्झ’ या शब्दाचा अर्धा तुकडा कापला आणि उरलेल्या ‘मेर्झ’ या निरर्थक अक्षरांचं नाव आपल्या सगळ्या कलेला दिलं. रस्त्यात पडलेली ट्रामची तिकिटं, चिंध्या, वेष्टणं तो वेचायचा. नाझी आले, १९३७ मध्ये तो नॉर्वेला गेला. जर्मन फौजा तिथेही आल्या तेव्हा १९४० मध्ये ब्रिटनला, आणि तिथे शत्रुदेशाचा माणूस म्हणून आइल ऑफ मॅन बेटावरच्या छावणीत. हानोव्हरमधलं त्याचं घर, ज्याच्या आत त्यानं वर्षानुवर्षं एक अद्भुत रचना उभी केली होती, १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात गेलं. पण त्या शेवटच्या वर्षांतली त्याची चित्रं पाहा: इंग्रजी बसची तिकिटं, इंग्रजी गोळ्यांची वेष्टणं. पायाखाली जो देश आला त्याचे कपटे तो वेचत राहिला, १९४८ मध्ये मरेपर्यंत.

घर गेलं. खिसा राहिला.

माझी बहीण काही छावणीत नव्हती. हौसेनं गेली, सुखात राहिली. तरी चाळीस वर्षांतला पहिला बर्फ, पहिलं परकं तिकीट, दिवाळीत ऑफिसला जाणं हे तिनं मला फोनवर कधी सांगितलं नव्हतं. ते त्या अडीच इंचांत होतं.

तिला उत्तर पाठवायचं तर काय पाठवायचं? पलीकडच्या काकूंसारखी मी डब्यासमोर थांबले. आणि तळाशी, अबरीच्या खाली, ती चिठ्ठी हाताला लागली.

अण्णांच्या हातची माझ्याकडे उरलेली ती एकच गोष्ट. बिलाच्या पुस्तकातला गुलाबी कागद, त्यावर त्यांच्या कॉपिंग पेन्सिलीतली करडी अक्षरं: फुलस्केप वह्या २ डझन. पाठ कापडी. मंगळवारी देणे. बस. कुणासाठी, कोणत्या साली, काही नाही. हा कागद मी दोन घरं बदलताना हातातल्या पर्समध्ये घालून नेला होता. वर्षातून एकदा उघडायची, वाचायची, मिटायची. दर वेळी घडीवर तो थोडा अधिक झिजत होता. जपून ठेवण्यानंच झिजत होता.

आठ दिवस कात्री टेबलावर राहिली. मग एका दुपारी, पाऊस उघडला असताना, मी शेवटची ओळ कापली नाही. वीण धरून, हातानं, हळू फाडली. ‘मंगळवारी देणे.’ पांढरी कड उमटली. कार्डावर आधी अबरी लावली, तोच तो तुकडा, मग एस.टी.च्या तिकिटाचा कोपरा, मग आकाशी कडेची कृष्णा. आणि शेवटी त्या ओळीच्या पाठीला खळ लावून ती पाण्याच्या वर टेकवली.

ओल कागदातून वर आली आणि अक्षरं जांभळी झाली.

मी विसरले होते. कॉपिंग पेन्सिलीचं लिहिलेलं ओलं झालं की असं जांभळं फुलतं. लहानपणी अण्णांच्या जिभेवर तो ठिपका नेहमी असे, टोक ओलवायची त्यांना सवय होती. करड्या, मिटत चाललेल्या त्या दोन शब्दांत एका क्षणात रंग भरत गेला, ‘म’च्या पोटात, मात्रेच्या टोकाशी, जसं काही ते आत्ता, या टेबलापाशी, लिहीत होते आणि हात अजून उचललेला नव्हता. पागोळ्या गळत होत्या. मी कागदावर बोट दाबून धरलं होतं, चिकटेपर्यंत, आणि चिकटल्यानंतरही बराच वेळ.

कार्ड पोस्टात टाकलं तो वार मंगळवारच होता.

महिना दीड महिन्यानं बहिणीचा फोन आला. तिचा आवाज जरा कातर होता. म्हणाली, “अगं, तुझं कार्ड मी पुढे दिलं. आमच्या इथे जमतात बायका, बदलायला. एका आजींनी ते हातात घेतलं आणि सोडेचनात. काकांचं अक्षर होतं ना ते? रागावलीस का?”

मी गप्प राहिले. आत काहीतरी ओढलं गेलं, ते लपवत नाही. मग पितळेची वाटी डोळ्यांपुढे आली, जिचा हिशेब कधी लागला नाही.

“त्यांना वाचता आलं?” मी विचारलं.

“छे. त्या युक्रेनी घरातल्या. विचारलं, काय लिहिलंय. मी सांगितलं, मंगळवारी द्यायचं. त्या म्हणाल्या, काय द्यायचं? मी म्हटलं, वह्या.”

“मग?”

“मग म्हणाल्या, मिळाल्या म्हणून कळव.”

त्या आजींचं कार्ड परवा आलं. विणकामाचा जुना नमुना आहे त्यावर चिकटवलेला, टाके मोजायच्या बारीक चौकटी आणि काही चौकटींत पेन्सिलीच्या फुल्या. त्यांच्या आईच्या हातच्या, असं बहिणीनं सोबत लिहिलं आहे. कार्डावर लावून उरली ती पट्टीही त्यांनी पाठवली आहे, साधारण बोटभर लांब. ती मी डब्यात अण्णांच्या चिठ्ठीच्या उरलेल्या दोन ओळींशेजारी ठेवली आहे. तिला अजून कात्री लावलेली नाही.